साथीत घेतलेली गावं

चांदा जिल्ह्यातल्या मूल या गावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा गावात भाड्यानं मिळण्यासारखी दोनच घरं होती. एकाला छप्पर नव्हतं आणि दुसऱ्याला मालक होता. पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून मी छपराचा विचार केला आणि मालक पदरात पाडून घेतला.

हे मालक म्हणजे साधे घरमालक नव्हेत, माजी मालगुजार. मूलच्या आसपासची पाच-सहा गावं एकेकाळी त्यांच्या नावावर होती. रयतेकडून सारा वसूल करायचा, सरकारचा सरकारला द्यायचा आणि मधला आपल्या घरी आणायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. सरकारनं मालगुजारी काढून घेतली त्याला तोवर काही वर्षं होऊन गेली होती, पण ही बातमी त्यांच्या ओसरीपर्यंत पोचली नसावी असं त्यांच्याकडे पाहून वाटे. सकाळी आंघोळ झाली की डोक्याला कोशाच्या रेशमाचा फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट, मांडीवर आडवी काठी अशा थाटात ते सागवानी खुर्चीत येऊन बसत आणि खाकरत. खाकरले म्हणजे कचेरी सुरू झाली. फिर्यादी यायचे थांबले होते, कारकून केव्हाच सोडून गेला होता, पण कचेरीला कधी सुट्टी पडली नाही. दूधवाला आला तरी त्याच्याकडून गावची खबरबात घेत आणि शेवटी 'बरं, जा आता' म्हणून त्याला रजा देत. तो तसाही निघालेलाच असे.

भाडं त्यांनी कमी सांगितलं, पण एक अट घातली. रोज संध्याकाळी त्यांना इंग्रजी पेपर वाचून दाखवायचा. त्यांना मराठी येत होतं, मोडी तर फर्डी येत होती. इंग्रजीचं काम त्यांच्या घराण्यात नेहमी पगारी माणसं करत आली होती. नागपूरचा पेपर छोट्या रेल्वेनं रमतगमत दुसऱ्या दिवशी मूलला पोचायचा. पहिल्या संध्याकाळी मी भक्तिभावानं पहिलं पान उघडलं. पंतप्रधान कुठेतरी धरणावर बोलले होते. दोन ओळी झाल्या नाहीत तोच काठी जमिनीवर आपटली.

"ते राहू द्या, मास्तर. मांगचं पान वाचा."

मागच्या पानावर मुंबईच्या शेअरबाजाराचे भाव होते. मी शिकलेला माणूस, पण ते पान मी तोवर चणे बांधून घेण्यापलीकडे कधी वापरलं नव्हतं.

मालगुजारी गेली तेव्हा सरकारनं मोबदला दिला, तोही हप्त्याहप्त्यानं. बाकीच्या मालगुजारांनी त्याचं चारचौघांसारखं काहीतरी केलं. एकानं धानाची गिरणी टाकली, दुसऱ्यानं ट्रक घेतला, तिसऱ्यानं पोरीच्या लग्नात हत्ती आणला आणि पुढे बरीच वर्षं लोकांना त्या हत्तीबद्दल सांगत राहिला. आमच्या मालगुजारांना या तिघांचीही कीव येई. गिरणीवाल्याच्या मिशीत दिवसभर कोंडा असतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मालगुजारानं गाव घ्यावं, गाव मिळत नसेल तर कंपनी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. कंपनीतही रयत राबते, वर एक मुकादम असतो, वर्षाकाठी पीक येतं, त्यातला वाटा घरबसल्या मिळतो, आणि मालकाला तिथे पाऊल टाकावं लागत नाही. मालगुजारीची इतकी नेमकी व्याख्या मी तरी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

'कंपनी' हा शब्द मात्र त्यांनी कधी तोंडी येऊ दिला नाही. सुती मिल म्हणजे कापडाचं गाव, साखर कारखाना म्हणजे साखरेचं गाव. भाव उतरला तर 'कापडाच्या गावात रयत माजली' म्हणत, आणि चढला तर 'औंदा तिकडे पानी बरं झालं' म्हणत. आणि गाव निवडायची त्यांची रीत तर अशी की ऐकून मुंबईचे दलाल आपापल्या गावी निघून गेले असते.

शेअर घेण्याआधी कंपनीला पत्र जाई. ते इंग्रजीत मी लिहायचं. आपल्या इथे पाणी कुठून येतं, ते बारमाही आहे का, मॅनेजर कुठल्या घराण्यातला, मजूर गरीब आहेत की भांडकुदळ, आणि आजूबाजूला रानडुकरांचा त्रास कितपत आहे. रानडुकरांचा प्रश्न मी एकदा गाळून पाहिला, तर त्यांनी पत्र वाचून घेताना नेमका तोच कुठे गेला म्हणून विचारलं. मुंबईहून या पत्रांना उत्तर येत नसे, फक्त छापील ताळेबंद येई. तो हाती आला की ते डोळे मिटून त्याचा कागद अंगठ्याखाली घोळवत. कागद जाड आणि गुळगुळीत निघाला की ते गाव बाद.

"जो पाटील नवं पागोटं घालून भेटाले येते ना मास्तर, त्याच्या कोठीत धान नसते."

मी हसलो होतो. वर्षभरात त्या जाड कागदाच्या कंपन्यांतली एक बुडाली. तेव्हापासून मी तोंडावर हसणं बंद केलं आणि खोलीत जाऊन हसू लागलो.

नवं गाव घेतलं की मालगुजारानं तिथल्या मातामायला, म्हणजे गावदेवीला, नारळ फोडायचा, शेंदूर वाहायचा, हा जुना रिवाज. आता चहाच्या कंपनीची मातामाय कुठे शोधायची? म्हणून ते मूलच्याच मातामायकडे जात, शेअरचा कागद पुढ्यात मांडत आणि तेल-शेंदरानं भरलेला पंजा त्यावर उठवत. पुढे एकदा एक शेअर विकायचा ठरला तर नागपूरच्या दलालानं कागद परत पाठवला. वर चिठ्ठी होती की नंबर शेंदराखाली गेला आहे. मालगुजार देवीवर नाही, दलालावर चिडले. देवीनं पाहिलं ते पुरे आहे, याला कशाला दिसायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नवा कागद मिळवण्यासाठी मला अर्जावर अर्ज लिहावे लागले आणि 'कागद खराब होण्याचे कारण' या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत मी एक अख्खा रविवार घालवला.

ही झाली हसण्याची गोष्ट. पण त्यांचं एक वाक्य होतं, ते ऐकून मला पहिल्यापासूनच हसू येत नसे. 'साथीत घ्याव, सुगीत मोजाव.' हे त्यांना त्यांच्या वडलांनी शिकवलं होतं. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत माणसं पटापट मरत होती, तेव्हा शेजारच्या एका गावाचा मालगुजार गेला. मागे त्याची बायको आणि अंथरुणाला खिळलेली दोन मुलं. आमच्या मालगुजारांचे वडील नाकाला फडकं बांधून तिच्या दारात गेले, आणि परत आले ते गाव घेऊन. किती स्वस्तात घेतलं हे सांगताना मालगुजारांचा आवाज भरून येई. भजनात येतो तसा. त्या गावाला लोक 'मोठं गाव' म्हणत. तिथे एक भलामोठा तलाव होता आणि त्याच्या पाण्यावर गावचं सगळं धान पिकायचं. मालगुजारांचं त्या तलावावर फार प्रेम होतं. त्याच्याबद्दल बोलताना ते नेहमी 'माहा तलाव' म्हणत. तलाव आता सरकारचा आहे ही आठवण त्यांना फक्त एकाच प्रसंगी होत असे, आणि तो प्रसंग मी मूलला आल्यावर दोनेक वर्षांनी आला.

उन्हाळा सरत आला असताना मोठ्या गावाचा कवडू त्यांच्या ओसरीवर आला. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात. ते उघडायचं-मिटायचं काम कवडूच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. उन्हानं रापलेला, हाडापेरानं मजबूत, वयानं मालगुजारांच्याच बरोबरीचा माणूस. खाली पायरीवर बसून त्यानं सांगितलं की तुडमाजवळची पाळ बसली आहे, खालून पाणी झिरपतं, पाऊस लागण्याआधी ती बांधून काढली नाही तर यंदा टिकायची नाही. मालगुजारीच्या काळात असं झालं की मालक हुकूम काढत आणि घरटी एक माणूस टोपली घेऊन पाळीवर हजर होई. आता हुकूम काढणारं कुणी नव्हतं. कवडू तहसिलीत जाऊन आला होता. तिथे त्याला सांगितलं होतं की तलाव सरकारचा आहे, त्याची फाईल आहे, आणि ती चांद्याला गेली आहे.

मालगुजारांनी सगळं ऐकून घेतलं. पाळीला माती कुठली लागेल, दगड कुठून आणावे, सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. कवडूचा चेहरा उजळला. मालकांनी मनावर घेतलं असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. मोबदल्याचा शेवटचा हप्ता त्याच महिन्यात यायचा होता. तो पाळीला भरपूर पुरला असता. 'पाहू,' असं म्हणून त्यांनी कवडूला रजा दिली.

आणि मग ती नवी साथ आली. पेपरात तिला फ्लू म्हणत होते, आमच्याकडे नुसताच 'नवा ताप'. आधी मद्रासेकडची बातमी आली, मग नागपूरची, आणि मग बातमीची गरज उरली नाही. घराघरांतून माणसं आडवी झाली. शाळा बंद पडली, धानाच्या गिरण्यांचे भोंगे थांबले, दवाखान्यातला कंपाउंडर स्वतःच आतल्या खाटेवर जाऊन पडला. मानमोडीइतकी माणसं या वेळी दगावली नाहीत, पण जो उठे तो पंधरवडाभर भिंत धरून चाले.

मालगुजार मात्र त्या दिवसांत दहा वर्षांनी तरुण झाले. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून ते भर उन्हात गावभर हिंडू लागले. प्रत्येक घरापुढे अंगणाच्या पलीकडे उभे राहायचे आणि तिथूनच विचारायचे, काय खाल्लं, काय प्यालं, काय आणवलं, काय आणायचं सोडलं. लोकांना वाटलं मालक विचारपूस करायला आले. म्हाताऱ्या आतून आशीर्वाद देत. मालगुजार ते मान लववून घेत आणि पुढल्या घराकडे वळत. साऱ्या गावाच्या दुखण्यावरून कुठलं गाव घ्यावं हे ते ठरवत होते.

माझ्यावरही पाळी आली. अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि खिडकीबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मास्तर, ताप हाये, कबूल. पन तोंडाले काय घ्याव वाटते?"

मी म्हटलं, चहा. एवढंच म्हणालो आणि कुशीवर वळलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी दलालाला चहाच्या गावासाठी तार केली. ताप आला की माणूस भात सोडतो, कापड घ्यायचं लांबवतो, पण चहा सोडत नाही, असा त्यांचा हिशोब. मी त्यांना औषधाची कंपनी सुचवून पाहिली, तापातच, थोडं चिडवण्यासाठी. त्यांनी ती गंभीरपणे नाकारली. औषधाच्या गावात साथ असेतो गर्दी असते, साथ गेली की रयत पळते, तिथे घर बांधू नये, म्हणाले. 

सगळ्यांत मोठा डाव त्यांनी कोळशावर लावायचं ठरवलं. चांद्याकडच्या एका खाणीत निम्मे मजूर तापानं पडले होते, काम जवळजवळ थांबलं होतं आणि भाव पार खाली आला होता. जो तो विकत होता. हे वाचून दाखवताना मी पाहिलं, म्हातारा खुर्चीच्या पार टोकाला सरकला होता. रेल्वे काही कायमची थांबत नाही, तिला कोळसा लागणारच, आणि माणसं भ्याली आहेत तोवर घ्यावं. वडलांनी असंच घेतलं होतं. हप्ता आला होता. दलालाला पत्र लिहायला त्यांनी मला बसवलं.

त्याच दिवशी कवडू पुन्हा आला. तो स्वतः तापातून उठलेला, ओठ फुटलेले, चालता येईना म्हणून कुणाच्या तरी बैलबंडीत बसून आलेला. या वेळी तो पायरीवर बसला नाही, खांबाला टेकून उभा राहिला.

"मालक, गावात टोपली उचलाले कोनाच्या अंगात जीव नाई. बाहेरचे मजूर लावा लागन. आभाळ भरून राह्यलं."

"तलाव सरकारचा हाये, कवडू."

"सरकार कुठी हाये, मालक? आमाले तं तुमीच दिसता."

मी लेखणी थांबवली. आतल्या दारात मालकीणबाई येऊन उभ्या होत्या. बुटकी, अबोल बाई. साथ लागल्यापासून परसात मोठ्या हंड्यात तांदळाची पेज शिजवून आळीतल्या आजाऱ्यांना पाठवत होत्या. त्यांनी आयुष्यात ओसरीवर येऊन काही बोललेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दारातूनच बोलल्या.

"बांधून द्या ना पाळ. गाव तापात हाये अन् तुमी भाव पाहून राह्यले."

मालगुजारांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर, न्यायनिवाड्यासाठी बरा. मीही म्हटलं की बांधून द्यावी. तेव्हा ते अगदी शांतपणे बोलले, आणि तो शांतपणा मला अजून खुपतो.

"पाळ मी बांधीन, पानी जाईन त्याईच्या धानाले, अन् नाव होईन सरकारचं. यात माहं काय हाये, सांगा."

घरची शेती त्यांनी आधीच विकून टाकली होती. मोठ्या गावात त्यांच्या मालकीची मूठभर माती उरली नव्हती. म्हणजे बोलणं बिनतोड होतं. कवडूला पेज देऊन बाईंनी बंडीत बसवलं. मी पत्र पुरं केलं, आणि मोठ्या गावची पाळ त्या पाकिटात बंद होऊन नागपूरला गेली.

पाऊस पुढे चांगला झाला. तलाव भरला, इतका की सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, आणि श्रावण सरता सरता पाळ तुडमापाशी फुटली. माणूस कुणी गेलं नाही. तलावाखालची धानाच्या रोपांची रोवणी गाळात गाडली गेली, बाकीची तगली, पण आमच्याकडच्या धानाला शेवटचं पाणी आश्विनात लागतं आणि ते आभाळातून येत नाही, तलावातून येतं. तलाव तोवर एक मोठं चिखलाचं मैदान झाला होता. लोंबीत दाणा भरायच्या वेळी मोठ्या गावचं धान उभ्या उभ्या वाळलं. गुरांनी खाल्लं, तेवढंच कामी आलं.

पाळ फुटल्याची बातमी दूधवाल्यानं सांगितली. मालगुजार थोडा वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, 'सरकारचा तलाव फुटला,' आणि मला मागचं पान वाचायला सांगितलं. कोळसा वर गेला होता.

इथे मला कबूल करायला हवं की म्हातारा बरोबर निघाला. साथ ओसरली, गाड्या सुरू झाल्या, चहा चढला, कोळसा तर असा चढला की दलालानं आपणहून अभिनंदनाचं पत्र पाठवलं. चुकले असते तर मी त्यांना मोकळ्या मनानं हसून माफ केलं असतं. ते प्रत्येक बाबतीत बरोबर ठरले म्हणून मला त्यांचा संताप येई. त्यांनी नवा कोट शिवला, नवा कोशाचा फेटा आणवला. पण आपण किती अचूक होतो हे सांगायला त्यांना मूलमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मोठ्या गावची माणसं बाजाराला आली की पूर्वी ओसरीवर जोहार घालून जात, ती आता समोरच्या बाजूनं जाऊ लागली. आणि मालकीणबाई, ज्या त्यांना जन्मभर 'अवं, ऐकलं काय' म्हणून हाक मारत आल्या होत्या, त्या त्यांना 'मालक' म्हणू लागल्या. 'मालक, पाणी ठेवलं.' 'मालक, जेवाले बसा.' कुणी पाहुणा असला तर हमखास. ऐकणाऱ्याला ती मान-मर्यादा वाटे. मालगुजारांचा घास मात्र तोंडाशी थांबे.

हिवाळ्यात दूधवाल्यानं आणखी एक बातमी आणली. मोठ्या गावची निम्मी घरं बंद झाली होती. कोठ्या रिकाम्या, पेरायला काही नाही, म्हणून माणसं बायकामुलांसकट चांद्याकडे खाणीवर गेली होती. कुठल्या खाणीवर, ते मालगुजारांनी दोनदा विचारून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी विसरणं शक्य नाही.

"गेले कुठी, मास्तर? माह्याच गावात." त्यांनी काठी उभी केली. "सरकारनं एका दारानं नेले, कोळशानं दुसऱ्या दारानं आनून देल्ले. रयत परत आली माही."

त्यांना खरोखर तसं वाटत होतं. माणूस इतका खूश होऊ शकतो आणि तेही अशा कारणानं, हे पाहून मला शिसारी आली. पण मी नाही म्हटलं तर एकटेच गेले असते, म्हणून त्यांनी दौरा काढला तेव्हा मी बरोबर निघालो. जुन्या काळी मालगुजार आपल्या गावांचा दौरा काढत तसाच हा. नवा फेटा, नवा कोट, पायांत पॉलिश केलेले जोडे. रयतेला वाटायला बाईंकडून त्यांनी लाडू मागितले. बाईंनी ते केलेच नाहीत, म्हणून बाजारातून बत्तासे घेतले.

छोट्या रेल्वेनं चांदा, तिथून पुढे कोळशाच्या रिकाम्या ट्रकमधून. ड्रायव्हरशेजारी बसल्यामुळे कोटाची एक बाजू वाटेतच काळी झाली. मालगुजारांनी ती झटकली नाही. आपल्या गावची माती लागली म्हणाले.

खाणीच्या फाटकावर एक उंच, उत्तरेकडचा पहारेकरी होता. मालगुजार त्याच्यापुढे उभे राहिले आणि खाकरले. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मग त्यांनी सांगितलं की आपण इथले मालक आहोत, आपली रयत पाहायला आलो आहोत. पहारेकऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोटाच्या काळ्या बाजूवर त्याची नजर जराशी थांबली, आणि तो कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "अंदर जाने का नहीं. उधर लाइन में बैठो, मुकादम आएगा."

फाटकाजवळ झाडाखाली माणसांची एक रांग बसली होती. कामाला लागायला आलेली माणसं, कुणाजवळ गाठोडं, कुणाजवळ पोर. आम्ही कुठेतरी बसायलाच हवं होतं, ऊन तापलं होतं. मालगुजार त्या रांगेच्या टोकाला एका दगडावर बसले. फेटा नीट केला, काठी मांडीवर आडवी घेतली. शेजारच्या बाईनं थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.

दुपारी पाळी सुटली. फाटकातून काळी माणसं बाहेर येऊ लागली. सगळ्यांची तोंडं सारखीच काळी, त्यामुळे त्यांच्यात कुणाला ओळखणं मला जमेना. मालगुजारांनाही जमत नसावं, कारण ते प्रत्येकाकडे आशेनं पाहत होते आणि कुणी थांबत नव्हतं. शेवटी एक जण चालता चालता थबकला. दोन पावलं मागे आला. फुटलेल्या ओठांवरून मी ओळखलं, तो कवडू होता.

त्यानं जोहार केला. सवयीनं केला, पण पुरता केला, कमरेत वाकून. मग त्यानं रांगेकडे पाहिलं, रांगेच्या टोकाला बसलेल्या मालगुजारांकडे पाहिलं, कोटाच्या काळ्या बाजूकडे पाहिलं, आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आवाज खाली आणून, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यानं विचारलं,

"मालक, तुमीबी कामाले आले?"

त्यात टोमणा असता तर फार बरं झालं असतं. टोमण्याला मालगुजारांकडे सात पिढ्यांची उत्तरं होती. पण कवडूच्या डोळ्यांत खरीखुरी कणव होती. तलाव गेला, गाव गेलं, तर मालकांचं तरी काय राहिलं असणार, असं त्यानं मनाशी धरलं होतं. मालगुजारांनी माझ्याकडे पाहिलं. मी बत्ताशांच्या पुड्याकडे पाहत राहिलो.

"वझं उचलाचं तुमाले नाई लावनार," कवडू समजावत होता. "तुमाले लिवता येते. हाजरी लिवाचं काम देईन तो. मुकादम वळखीचा हाये माहा."

मालगुजारांनी घसा साफ केला. आवाज आला तो कचेरीतला नव्हता.

"कवडू, मी पाळ बांधून देतो. या उन्हाळ्यातच. कोळसा विकतो, पन बांधून देतो."

तापात माणूस काहीबाही बोलला की आपण 'बरं' म्हणतो, तसं कवडू 'बरं' म्हणाला. त्यानं गमछ्यानं हात पुसले, मालकांच्या गुडघ्याला हात लावला आणि उठला.

"तुमी इथून उठू नका. जागा जाईन. मी मुकादमाले इचारून येतो."

तो आत गेला. मी म्हटलं, चला, ट्रक परत निघाला आहे. मालगुजार उठले नाहीत.